तीन नाणी आणि एक प्रश्न

व्यापारी माणसाला हिशेब येतो, पण हिशेब संपतो तेथे त्याची खरी परीक्षा सुरू होते. मालाचा भाव, वाहतुकीचा खर्च, उधारीची मुदत, व्याजाचा दर हे सारे कागदावर मांडता येते. पुढच्या तीन महिन्यांत गिऱ्हाईक कोणत्या वाटेने जाईल, हे मात्र कोणत्याही खतावणीत लिहिलेले नसते. अशा वेळी चांगली शिकलेली माणसेही एखादा संकेत शोधू लागतात. कोणी चौघडिया पाहतो, कोणी कौल लावतो, तर कोणी सकाळी पहिला फोन कोणाचा येतो यावर भरवसा ठेवतो. चीनमधील लोकांनी याच अनिश्चिततेसाठी फार प्राचीन काळी एक पद्धत घडवली आणि ती आजही जिवंत आहे. सांगलीच्या एका तरुण व्यापाऱ्याची तिच्याशी गाठ पडली ती चीनमध्येच.

झेजियांग प्रांतातील यिवू हे गाव आपल्याकडील अनेक आयातदारांच्या परिचयाचे आहे. बटणे, पेन, कंपासपेट्या, नकली दागिने, भेटवस्तू असा बारीकसारीक माल जगभरातून आलेले व्यापारी तेथे घाऊक घेतात. शालेय साहित्याचा घरचा व्यापार असलेला हा तरुण नवीन शैक्षणिक वर्षापूर्वी माल घेण्यासाठी तेथे गेला होता. एका पुरवठादाराने पूर्ण कंटेनर घेतल्यास मोठी सवलत देऊ केली. मालाची किंमत अडतीस लाख रुपये होत होती. तीस टक्के, म्हणजे अकरा लाख चाळीस हजार रुपये, विसार म्हणून लगेच द्यायचे आणि उरलेले सव्वीस लाख साठ हजार माल जहाजावर चढण्यापूर्वी भरायचे. तरुणाच्या हाती बारा लाख होते. बाकीच्यासाठी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यावी लागणार होती आणि त्यासाठी गोदाम तारण ठेवणे भाग होते. ते गोदाम वडील आणि चुलते यांच्या संयुक्त नावावर होते. घरी मात्र त्याने ‘थोडा माल पाहून येतो’ एवढेच सांगितले होते.

उत्तर देण्यासाठी त्याच्याकडे दोन दिवस होते. दुभाष्याचे काम करणाऱ्या मुलीचे आजोबा एका दुकानात हिशेब पाहून निवृत्त झालेले होते. चहा घेताना त्यांच्या टेबलावर चौकोनी भोकाची तीन जुनी नाणी तरुणाला दिसली. त्याने कुतूहलाने विचारले, आणि नातीच्या मुखातून आजोबांनी त्याला ‘यी चिंग’ची पहिली ओळख करून दिली. इंग्रजी अक्षरांवरून आपल्याकडे या ग्रंथाला ‘आय चिंग’ असेही म्हणतात. शब्दशः अर्थ घेतला तर तो ‘परिवर्तनाचा ग्रंथ’ होय.

या ग्रंथाचा गाभा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या चौ राजवटीतील आहे. अखंड रेषा म्हणजे यांग आणि मधे तुटलेली रेषा म्हणजे यिन, एवढ्या दोनच चिन्हांवर त्याची सारी उभारणी झाली आहे. तीन रेषा एकावर एक ठेवल्या की आठ आकृत्या होतात. त्यांना आकाश, पृथ्वी, पाणी, अग्नी, मेघगर्जना, वारा, पर्वत आणि सरोवर अशी नावे आहेत. अशा दोन आकृत्या एकमेकींवर ठेवल्या की सहा रेषांची एक षड्रेखा तयार होते. आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट षड्रेखा. प्रत्येकीला एक नाव आहे, एक छोटासा अभिप्राय आहे आणि तिच्या प्रत्येक रेषेला स्वतंत्र वचन आहे. अशी एकूण तीनशे चौऱ्याऐंशी वचने होतात. परंपरा आठ आकृत्यांचे श्रेय फू शी या पौराणिक राजाला, चौसष्ट अभिप्रायांचे राजा वेन याला आणि रेषावचनांचे त्याच्या पुत्राला, चौच्या ड्यूकला देते. पुढे जोडलेली दहा भाष्ये कन्फ्यूशियसच्या नावावर सांगितली जातात. इ.स.पू. २१३ मध्ये छिन सम्राटाने असंख्य ग्रंथ जाळण्याची आज्ञा दिली, तेव्हा शकुनाचा ग्रंथ म्हणून याला अभय मिळाले. १९७३ मध्ये चांगशा शहराजवळ मावांगद्वी येथील थडग्यात रेशमावर लिहिलेली त्याची एक प्रत सापडली. ते थडगे इ.स.पू. १६८ मधील आहे.

जुनी रीत नाण्यांची नव्हती. यारो नावाच्या वनस्पतीच्या पन्नास काड्या घ्यायच्या, एक बाजूला ठेवायची आणि उरलेल्या एकोणपन्नास काड्यांचे पुनःपुन्हा भाग पाडत मोजणी करायची. एका रेषेसाठी तीन वेळा, म्हणजे सहा रेषांसाठी अठरा वेळा ही कृती करावी लागे. वेळ फार जाई, पण त्या वेळात प्रश्नकर्त्याचे चित्त शांत होई, हाही त्या रीतीचा एक हेतू मानला जातो. नाण्यांची सुटसुटीत रीत नंतर आली. परंपरा तिचा संबंध हान काळातील चिंग फांग या पंडिताशी जोडते.

नवशिक्यासाठी रीत अशी. एकसारखी तीन नाणी घ्यावीत. जुनी चिनी नाणी बाहेरून गोल आणि आत चौकोनी भोकाची असतात. गोल म्हणजे आकाश आणि चौकोन म्हणजे पृथ्वी, असा त्यांचा अर्थ लावला जातो. अक्षरांच्या बाजूला दोन आणि पाठीला तीन गुण. छिंग राजवटीच्या नाण्यांवर पाठीमागेही मांचू लिपीतील अक्षरे असतात, त्यामुळे नवशिका गोंधळतो. चार चिनी अक्षरे असलेली बाजू ती दोन गुणांची, हे ध्यानात ठेवावे. काही जण गुणांची ही वाटणी उलटी करतात. कोणतीही चालेल, पण नाणी हातात घेण्यापूर्वी ठरवावी आणि मग बदलू नये.

तिन्ही नाणी ओंजळीत हलवून एकदम टाकायची आणि गुणांची बेरीज करायची. ती सहा, सात, आठ किंवा नऊ यांपैकीच एक येते. सात म्हणजे स्थिर यांग आणि आठ म्हणजे स्थिर यिन. नऊ म्हणजे परिपक्व होऊन आता यिनमध्ये बदलणारा यांग, आणि सहा म्हणजे यांगमध्ये बदलणारा यिन. पहिल्या फेकीची रेषा सर्वांत खाली काढायची, दुसरी तिच्यावर, आणि इमारतीसारखे खालून वर जायचे. सहा फेकी झाल्या की षड्रेखा पूर्ण होते. तिच्यात सहा किंवा नऊ आले असतील तर त्या रेषांची वचने विशेष लक्षपूर्वक वाचायची, आणि त्या रेषा पालटून मिळणारी दुसरी षड्रेखाही पाहायची. पहिली षड्रेखा आजची स्थिती दाखवते आणि दुसरी तिचा कल, असे समजतात.

अंकगणिताची आवड असणाऱ्याला यात आणखी काही सापडेल. तीन नाणी आठ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी एका प्रकारात सहा, एका प्रकारात नऊ, तीन प्रकारांत सात आणि तीन प्रकारांत आठ येतात. म्हणजे प्रत्येक रेषा बदलती असण्याची शक्यता चारात एक. सहाही रेषा स्थिर येण्याची शक्यता शेकडा अठराहूनही थोडी कमी. काड्यांच्या रीतीत प्रमाण वेगळे पडते: सोळा भागांत नऊचे तीन, तर सहाचा केवळ एक. म्हणजे नाणी आणि काड्या हे एकाच दाराचे दोन उंबरठे नव्हेत. सोय वाढली आणि संभाव्यताही बदलली. लाइबनिट्झ या जर्मन गणितज्ञाने १७०३ मध्ये शून्य आणि एक या दोनच अंकांचे गणित प्रसिद्ध केले, तेव्हा बूवे या जेझुइट मिशनऱ्याने चीनमधून पाठवलेल्या षड्रेखांच्या तक्त्यात त्याला स्वतःचीच मांडणी दिसली होती.

आजोबांनी दोन सूचना केल्या. प्रश्न आधी कागदावर लिहावा. आणि एक प्रश्न एकदाच विचारावा.

तरुणाने पहिली सूचना पाळली. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी घरून आणलेल्या दशम्या खाऊन तो हॉटेलच्या खोलीत बसला. उसनी घेतलेली नाणी समोर होती, फोनवर रिखार्ड विल्हेल्म यांच्या भाषांतराची इंग्रजी आवृत्ती होती. चिंगदाओ येथे राहिलेल्या या जर्मन मिशनऱ्याने चिनी विद्वानाच्या साहाय्याने केलेले भाषांतर १९२४ मध्ये निघाले आणि कॅरी बेन्स यांनी त्यावरून केलेले इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये मनोवैज्ञानिक युंग यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. तरुणाने कागदावर लिहिले, ‘पूर्ण कंटेनरची ऑर्डर द्यावी का?’

सहा फेकींची बेरीज अनुक्रमे सात, सात, सहा, आठ, सात, आठ आली. खाली सरोवर, वर पाणी; ही साठावी षड्रेखा. तिचे नाव ‘च्ये’, म्हणजे मर्यादा. त्या चिनी अक्षराचा मूळ अर्थ बांबूचे पेर. बांबू पेराशी थांबतो, गाठ बांधतो आणि मगच पुढे वाढतो. सरोवरात मावेल तेवढेच पाणी राहते, अधिक आले तर ते वाहून जाते. खर्चाला आणि इच्छेला सीमा असावी, पण ती जाचक होऊ नये, असा या षड्रेखेचा अभिप्राय. बदलती रेषा तिसरी होती. जो स्वतःला सीमा घालत नाही त्याच्यावर पुढे हळहळण्याची पाळी येते आणि त्याचा दोष त्याला दुसऱ्यावर ठेवता येत नाही, असा तिचा आशय. रेषा पालटल्यावर पाचवी षड्रेखा मिळाली. तिचे नाव ‘प्रतीक्षा’.

तरुणाच्या मनाला हे रुचले नाही. पण पाचव्या षड्रेखेच्या अभिप्रायात मोठे पाणी ओलांडणे हितकर असल्याचेही म्हटले आहे. कंटेनर समुद्र ओलांडूनच येणार होता! त्याला हुरूप आला. क्षणभराने त्याचे त्यालाच वाटले की आपण हवे तेवढे वेचून घेत आहोत. हे पाणी ओलांडणे ग्रंथात अनेक ठिकाणी येते. मग त्याने ‘खात्रीसाठी’ पुन्हा नाणी टाकली. एकोणचाळिसावी षड्रेखा आली: अडथळा. तिसऱ्यांदा टाकली, तेव्हा बेचाळिसावी आली: वृद्धी. उद्योग हाती घ्यावा आणि मोठे पाणी ओलांडावे, असा तिचा स्पष्ट कौल. समाधान पावून त्याने नाणी कागदात गुंडाळली. मनासारखा निकाल मिळेपर्यंत न्यायाधीश बदलत राहावे, तसा हा प्रकार झाला.

झोप मात्र आली नाही. ग्रंथ चाळताना तो चौथ्या षड्रेखेशी आला. तिचे नाव ‘मंग’, म्हणजे अजाण बालपण. पहिल्यांदा विचारणाऱ्याला उत्तर मिळते. तेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारणारा सतावतो आणि त्याला काही सांगितले जात नाही, असा तिचा भाव आहे. नवशिक्यासाठी नियम ग्रंथातच लिहिलेला होता. ही षड्रेखा त्याच्या फेकीत आली नव्हती. म्हणूनच कदाचित ती त्याला अधिक बोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाणी परत करताना त्याने सारे प्रामाणिकपणे सांगितले. आजोबांनी हसून तो कागद मागितला, नातीकडून वाचून घेतला आणि एवढेच विचारले, “पैसे कोणाचे?”

तरुण निरुत्तर झाला. कागदावर ऑर्डर होती, कंटेनर होता. गोदाम नव्हते, वडील नव्हते, चुलते नव्हते. प्रश्नच अर्धा लिहिलेला होता. मग तीन उत्तरांपैकी खरे कोणते, हे शोधण्यात काय हशील होते?

चीनमध्ये रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेसात होतात. अण्णा नुकतेच बस्तीतून परतले होते. तरुणाने काही न लपवता आकडे सांगितले, गोदामाचेही सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“माल विकला नाही तर हप्ता कोण भरणार?” अण्णांनी विचारले.

“आपणच, अण्णा.”

“आपण म्हणजे कोण? काकांना विचारलंस?”

“नाही.”

“मग आज त्यांच्या घराचं छप्पर तू परस्पर तारण ठेवायला निघालास की रे. गोदाम गेलं तर पुन्हा बांधता येईल. त्यांचा विश्वास कुठून आणणार?”

तरुणाने नाण्यांची हकीकत सांगितली. अण्णा रागावतील असे त्याला वाटले होते. ते म्हणाले, “पहिलं काय आलं होतं?”

“मर्यादा.”

“त्यासाठी चीनला जायला नको होतं. इच्छापरिमाण आपण लहानपणापासून ऐकतो. पण ऐकलंस तर खरं, कुठंही ऐक.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुरवठादाराला सांगितले की माल, भाडे, सीमाशुल्क आणि जीएसटी हे सारे हाती असलेल्या बारा लाखांत बसेल, एवढीच ऑर्डर देणार. सवलत गेली. माल इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून आला. त्या मोसमात नफा बेताचा झाला. पूर्ण कंटेनर आणला असता तर अधिक झाला असता की गोदाम गेले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि त्यावरून नाण्यांची परीक्षा करणेही योग्य नव्हे. घरी परतल्यावर पहिल्या दिवशी तो चुलत्यांकडे गेला, एवढे मात्र निश्चित.

जैन परंपरेला शकुनविद्या अपरिचित नाही. अष्टांग महानिमित्ताचे ज्ञान आपल्या आचार्यांना होते असे सांगितले जाते. आचार्य भद्रबाहूंनी बारा वर्षांचा दुष्काळ आधीच जाणला, ही कथा सर्वश्रुत आहे. फासे टाकून फल सांगणारे ‘पाशककेवली’ नावाचे ग्रंथ जैन ग्रंथभांडारांतून आजही आढळतात. त्या रीतीत चार बाजूंचा फासा तीन वेळा टाकतात. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे येथेही चौसष्टच फले. अशाच पाशकविद्येचे संस्कृत लेखन १८९० मध्ये कुचा येथे लेफ्टनंट हॅमिल्टन बॉवर यांना मिळालेल्या भूर्जपत्रांच्या हस्तलिखितात आहे. कुचा आज चीनच्या शिनजियांग प्रांतात येते. दोन देशांतील माणसांनी आपल्या अनिश्चिततेला चौसष्ट घरांत बसवू पाहावे, हे साम्य गणिताचे असेल. त्यामागची व्याकुळता मात्र एकच आहे.

परंतु विद्या असणे वेगळे आणि तिच्यावर जगणे वेगळे. उत्तराध्ययन सूत्रात लक्षण, स्वप्न आणि निमित्त सांगून निर्वाह करणाऱ्याला श्रमण मानलेले नाही. कारण उघड आहे. कर्मसिद्धांतात फळाचा कर्ता जीव स्वतः आहे. बाहेरची वस्तू फार तर निमित्त होते. नाण्याला निमित्त मानले तर ते आरशासारखे उपयोगी पडू शकते, कर्ता मानले की पुरुषार्थ संपतो. आरशात पाहून कोणी चेहरा धुतला तर त्याचे श्रेय आरशाला कितीसे द्यावे? आणि चेहरा मनासारखा दिसेपर्यंत आरसे बदलत राहणाऱ्याला काय म्हणावे? चिनी विचारवंतांनाही हे ठाऊक होते. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील शुन्झी याचा अभिप्राय असा की हा ग्रंथ ज्याला नीट समजला, तो शकुन पाहायला जात नाही.

म्हणून कोणा तरुणाला कुतूहलाने ही तीन नाणी हाती घ्यावीशी वाटली तर घरातील वडीलधाऱ्यांनी लगेच भुवया उंचावू नयेत. पैज नाही, लोभ नाही, कोणाला फसवणे नाही, तोवर ते एका प्राचीन ग्रंथाचे वाचन आहे. त्याने प्रश्न मात्र पूर्ण लिहावा: रक्कम किती, त्यातली आपली किती, बुडाली तर झळ कोणाला, आणि ज्याला झळ बसेल त्याला विचारले आहे का. एवढे लिहून झाल्यावर नाणी टाकायची राहून गेली, तरी हरकत नाही.

त्या तरुणाने यिवूहून निघताना आठवण म्हणून तशीच तीन नाणी विकत घेतली. आता त्यांच्याशी घरातील मुले खेळतात. चौकोनी भोकातून दोरा ओवून त्यांनी त्यांचा भोवऱ्यासारखा गरगरणारा खेळ केला आहे. तो अर्धा प्रश्न लिहिलेला कागद मात्र त्याने टाकलेला नाही. दुकानाच्या गल्ल्यात, कॅश क्रेडिटच्या फाइलमध्ये तो सर्वांत वर लावलेला असतो, आणि खाली चुलत्यांच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे: ‘विचारल्याबद्दल समाधान वाटले.’